इतिवृत्त

सभेला सुरुवात दुपारी साडेतीन वाजता, असं मी लिहिलं.
खरं तर चार वाजून गेले होते,
अध्यक्षांची गाडी मानेवाडा चौकात अडकलेली
आणि इसाराम तिसऱ्यांदा बादली घेऊन
कूलरमध्ये पाणी टाकायला आला होता.
कूलरचं पाणी इतिवृत्तात येत नाही.

विषय क्रमांक सात.
लेआउट तीनमधली प्राथमिक शाळा, पटसंख्या अठरा,
जवळच्या शाळेत समायोजित करणेबाबत.
जवळच्या, म्हणजे नकाशात.
नकाशात रिंगरोड पेन्सिलीची एक रेघ आहे,
तिच्यावरून बुटीबोरीचे ट्रेलर जात नाहीत.

शाळा व्यवस्थापन समितीतर्फे सौ. प्रमिला हेडाऊ उभ्या राहिल्या.
"अठरा नाही जी, एकोणीस.
रंगाऱ्याच्या पोरीले गोवर निघाला होता
तुमचा मोजणारा आला त्या दिवशी."
मी लिहिलं : पटसंख्येबाबत आक्षेप नोंदविला.
"थो रोड पार कराले मोठ्या माणसाचा जीव खालीवर होते,
थे तर पहिलीचे लेकरं."
मी लिहिलं : वाहतुकीबाबत चिंता व्यक्त केली.
मग त्या काहीच बोलल्या नाहीत.
ते कसं लिहायचं, मला अजून कळलेलं नाही.
त्यांनी घडी घातलेला एक कागद पुढे केला,
एकोणीस नावं, ज्याचं त्यानं लिहिलेलं,
एक 'श' उलटा.
अध्यक्ष म्हणाले, आवक-जावकला द्या.
आवक-जावक मीच.
शिक्का कोपऱ्यात मारला, वाकडा,
कुणाच्या नावावर पडू नये म्हणून.

ठवकर म्हणाले, शाळा राहू द्यावी असं माझं मत आहे,
आणि फोन आला म्हणून बाहेर गेले.
बाहेर गेलेल्या माणसाचा विरोध नसतो.
ठराव सर्वानुमते मंजूर.

विषय क्रमांक अकरा, व्यापारी गाळे.
सातचा आणि अकराचा सर्व्हे नंबर एकच होता.
विषयपत्रिका मीच टाइप केली होती.
बोटांना कळलं होतं,
तोंडाला नाही.
सात आणि अकराच्या मध्ये चहा झाला.
मी दोन बिस्किटं खाल्ली.

पुढच्या सभेत पहिला विषय नेहमीचाच :
मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे.
मी वाचलं.
पटसंख्या अठरा, तिथे एकोणीस वाचलं,
तसंच लिहिलंही होतं, निळ्या शाईत, स्वच्छ.
कुणी मान वर केली नाही.
इतिवृत्त कायम झालं,
म्हणजे आता सरकारदरबारी ती एकोणीस मुलंच होती,
समायोजित.

विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटी उघडतात.
सकाळी पावणेसातला मी मुद्दामच त्या बाजूनं निघाले,
ऑफिसचा रस्ता तो नाही.
दुभाजकावर प्रमिलाताई, तोंडाला दुपट्टा बांधलेला,
हातात भाजीची लाल पिशवी, उंच धरलेली.
एक ट्रेलर करकचून थांबला, त्याच्यामागे दुसरा.
मीही स्कूटी थांबवली
आणि सवयीनं मोजायला लागले.
मोठ्यांनी लहानांचे हात धरले होते,
एकाची चप्पल रस्त्यातच राहिली, तो परत वळला,
प्रमिलाताईंनी त्याला चपलेसकट उचललं.
सतरा भरले.
चुकलं असेल म्हणून परत मोजावं म्हटलं,
तर मागचा ऑटोवाला
हॉर्नवरून हात काढेना.