सतरा नंबरचा दिवा

आमच्याकडे रस्त्यावरच्या दिव्यांचं बिल
आळीचं मंडळ भरतं.
पालिका त्यातले थोडे परत देते, उन्हाळ्यात.
तोवर खजिनदारानं दात कोरून पोट भरायचं.
कालव्याच्या आळीची खजिनदार मी.
घरं बेचाळीस, त्यांतली एकोणीस बंद.
दिवे नऊ.

ओतारूची ही टेकडी समुद्राकडे उतरते
ती एकशे बारा पायऱ्यांनी.
वर टाकीची आळी, मध्ये देवळाची, खाली आम्ही.
सतरा नंबरचा दिवा वरच्या वळणावर.
तिघांच्याही नकाशात तो नेमका घडीवर येतो,
जिथे कागद झिजून पांढरा पडलाय.

नोव्हेंबरात तो विझला.
डिसेंबरात कुराहाशीबाई घसरल्या, मनगट मोडलं.
मग सगळ्यांना एकदम आठवलं
की तो दिवा आपला नाही.

सभा देवळाच्या आळीत.
रॉकेलची शेगडी एक, म्हातारी माणसं चौदा.
टाकीचे हाताकेयामा मफलर न सोडता म्हणाले,
आमचा शेवटचा सोळावा.
देवळाची आळी म्हणाली, आमचा पहिला अठरावा.
मी वही उघडली. वहीत तो नव्हताच.
इतकी वर्षं मग तो जळत कसा होता,
हे कुणी विचारलं नाही.
मीही नाही.

पालिकेतला इसोगाई, वय पंचवीस, कानावर पेन:
अर्ज एक, अर्जदार एक, शिक्का एक.
तीन मंडळांनी तीन आठवडे
फक्त नाव ठरवण्यात घालवले.
टाकी आधी की कालवा आधी?
घोंगडं नुसतं भिजत पडलं नाही,
इथल्या थंडीत ते कडक झालं, उभं राहिलं.
शेवटी नाण्याएवढ्या त्या चौकोनात
तिघांनी तीन शिक्के मारले, एकावर एक.
नुसता लाल डाग.
अर्ज परत आला.

आणि मग इसोगाईनंच, जेवणाच्या सुट्टीत,
वीज कंपनीला फोन लावला.
जोडणी कुणाच्या नावे?
त्सुरुमाकी एइझो.

त्सुरुमाकी!
कचऱ्यावरच्या जाळीवरून भांडून
अकरा वर्षांपूर्वी मंडळ सोडलेला.
दारोदार फिरणाऱ्या फायलीतून ज्याचं नाव
मीच खोडलं होतं, पट्टी लावून, सरळ.
नोव्हेंबरात गेला.
बँकेनं खातं बंद केलं, दिव्यानं डोळा.

घर आवरायला मुलगी आली सेंदाईहून.
बिस्किटांचा एक डबा माझ्या हातात दिला.
पावत्या. एकशे बत्तीस.
बारा-बाराला एक रबर.
चिठ्ठी वगैरे काही नाही.

डबा मी शेगडीशेजारी ठेवला.
बराच वेळ रॉकेलचाच आवाज.
मग हाताकेयामा मफलर सोडत म्हणाले,
त्याचं घर मागच्या गल्लीत.
त्या पायऱ्या तो कधी उतरलाच नाही.

नवा अर्ज गेला.
अर्जदार: सतरा नंबर दिवा मंडळ.
शिक्का नवा कोरून घेतला, अठराशे येन,
प्रत्येकी सहाशे. वहीत लिहिलं.
दुसरी एक नोंद अजून लिहायची आहे, देण्याच्या बाजूला.
रक्कम माहीत आहे.
पण रकमेपुढे नाव लागतं,
आणि ते खोडलेल्या रेघेखाली आहे.

फेब्रुवारीत दिवा लागला. जरा निळसर, नव्या धर्तीचा.
कुराहाशीबाईंना तो रंग आवडत नाही, त्यांनी तसं सांगितलं,
प्लास्टरमधला हात वर करून.
पायऱ्यांवरचा बर्फ?
तो दुसरा विभाग, इसोगाई म्हणतो,
आणि कानावरचं पेन काढून नंबर लिहून देतो.
त्या नंबरवर कुणी उचलत नाही.

म्हणून शनिवारी, सकाळी सहाला, फावडी.
आम्ही खालून, ते वरून.
हाताकेयामा चाळिसाव्या पायरीशी थांबतात.
तिथे त्यांची आळी संपते.
कंबरेवर हात ठेवून खाली बघतात,
मी किती मागे आहे ते.
मग आणखी चार.