कडीवर हात

ऑक्टोबरपासून ती बाई
दाराच्या कडीवर हात ठेवून उभी आहे,
बाराव्या प्रकरणात, तिसऱ्या पानावर.
बाहेरचं वादळ मी लिहून ठेवलंय,
दिव्यात तेल घातलंय.
तिनं दार उघडायचं की नाही,
एवढंच राहिलंय.

मध्ये बटाटे निघाले.
हिउमा बेटावर बटाटे कुणाच्या कादंबरीसाठी थांबत नाहीत,
एका रात्रीत जमीन दगड होते.
मग मिर्तेलचा कान दुखायला लागला.
मग प्रीटची फेरीबोटीवरची पाळी,
चार दिवस तिकडे, चार दिवस घरी,
आणि घरी असला की माझं लिहिणं मोडू नये म्हणून
तो चवड्यांवर चालतो, इतक्या मायेनं
की मला दुसरं काही ऐकूच येत नाही.

म्हणून मी साउनाच्या बाहेरच्या खोलीत बसते,
टॉवेलांच्या खुंट्यांखाली, एका फळीवर.
पानांना धुराचा, वाळल्या बर्चच्या डहाळ्यांचा वास लागतो.
संपादक टाल्लिनहून कळवतात :
विर्वे, तुझं हस्तलिखित उघडलं की अंघोळ करावीशी वाटते.
शनिवारी मात्र उठावं लागतं.
शनिवारी साउना साउनाची असते.

संध्याकाळी बाबा विचारतात,
"त्या बाईचं काय झालं?"
मला ते कधी आत्याच्या नावानं हाक मारतात,
कधी नुसतंच "अहो" म्हणतात,
पण त्या बाईला विसरत नाहीत.
मी रोज वेगळं सांगते.
सोमवारी ती बर्फावरून चालत पलीकडच्या किनाऱ्याला पोचली.
मंगळवारी नवराच परत आला, खारवलेल्या माशांचं पिंप घेऊन.
बुधवारी मी दमले होते.
बुधवारी ती मेली.

बाबांनी चमचा खाली ठेवला.
झोपताना मिर्तेल म्हणाली,
"आई, उद्या तिला जिवंत कर. आजोबा जेवले नाहीत."
गुरुवारी केलं.
सूप वाढता वाढता.

जानेवारीत समुद्र गोठला
आणि बाबांना सगळं आठवायला लागलं :
लहानपणी बर्फावर जुनिपरच्या फांद्या रोवून आखलेला रस्ता,
घोडा कुठे अडायचा, तडा कुठल्या आवाजात बोलायचा.
सकाळी न्याहारी केली का, ते आठवत नाही.
मी समोर बसून लेकीसारखं ऐकते
आणि टेबलाखालच्या हातानं लिहून घेते.
याला काय म्हणतात, ते मला माहीत आहे.
आई असती तर एवढंच म्हणाली असती :
जेवताना दोन्ही हात वर.

एप्रिलमध्ये बर्चला रस चढला.
बाबांचा हात गिरमिट अजून ओळखतं;
खोडाला भोक, भोकात नळी, खाली बादली.
टप्. बऱ्याच वेळानं, टप्.
मी उलट्या डब्यावर वही उघडली
तेवढ्यात ते म्हणाले,
"मांजर बाहेर राहिलं असणार."
"कुणाचं?"
"त्या बाईचं. नाहीतर असल्या वादळात
दार कोण उघडतं?"

माझ्या कादंबरीत मांजर नाही.
अकरा प्रकरणं झाली, कुठेच नाही.

आमच्या घरात होतं. राखाडी, एका कानाचं.
ज्या हिवाळ्यात आई पलीकडच्या दवाखान्यात होती
त्या हिवाळ्यात बाबा रोज रात्री दार उघडून उभे राहायचे.
घर गारठून जायचं, मी पांघरुणातून ओरडायचे,
दार लावा!
"मांजर यायचंय," म्हणायचे.
मांजर चुलीमागे झोपलेलं असायचं.
ते मला दिसायचं.
त्यांनाही दिसत असणार.

आता पहिल्या प्रकरणापासून
चुलीमागे एक मांजर झोपवावं लागेल.
म्हणजे आणखी एक वर्ष, बटाट्यांसकट.

बादली भरून सांडतेय,
मिर्तेल कुंपणापलीकडून हाका मारतेय,
बाबांची बाही कोपरापर्यंत ओली.
बाई, तू थांब अजून थोडी.
हा रस दोन दिवसांत आंबतो.