वगराळं

टँकर एक दिवसाआड झाला
त्या आठवड्यात गल्लीत तीन लेकरांना ढाळ लागली.
सोजरमावशी म्हणाली, दात येत असतील.
शमशाद म्हणाली, नजर.
मेडिकलवाल्यानं बिननावाची पट्टी कापून दिली.
मी वहीत लिहिलं : रेवण, अकरा महिने,
सकाळपासून नऊ वेळा, नुसतं पाणी.
लघवीचा रकाना कोरा ठेवला.

टाळू पाहिली.
उतरवलेल्या दुधाची साय मधोमध बसते, तशी.
पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली.
ती झटकन जागेवर जायला हवी.
ती गेली सावकाश,
गुडघ्यावर हात टेकत उठणाऱ्या म्हातारीसारखी.

गाडीला फोन लावला. गाडी निलंग्याला गेलेली.

मग पुडी फोडली.
लिटरचं माप म्हणून लग्नातली रिकामी बाटली.
एक चमचा. थांब. एक चमचा.
ओकला, तर दहा मिनिटं थांब. परत एक चमचा.
मावशी म्हणाली, गळक्या रांजणात कुणी पाणी भरतं का गं?
मी म्हटलं, रांजण नाही मावशी, वाफा आहे.
जिरू द्यायचं.
खरं तर मलाही खात्री नव्हती.

दोन वाजता शमशाद दारातूनच ओरडली,
मुतला का?
मुतला!
निम्मी गल्ली उठून बसली.
गाडी त्यानंतर आली.

पंधरा दिवसांनी लातूरहून कागद आला.
डॉक्टरीणबाईंनी वाचला : रेवणचा रोटा.
चाकासारखा दिसतो, म्हणाल्या.
बैलगाडीच्या? मी विचारलं.
त्या हसल्या, मग हसायच्या थांबल्या.
शमशादच्या नातीचा शिगेला, तिला रक्त पडलं होतं.
तिसरं लेकरू रस्त्याच्या कामावरचं.
नमुना घ्यायला गेले, तर पाल उठलेलं.
तीन दगड, राख, एक छोटी चड्डी.
त्याचं नाव मी विचारलंच नव्हतं.

मावशीला सांगितलं, दाताचं नव्हतं.
डोळ्याला दिसत नाही असं काहीतरी, हातावरून तोंडात जातं.
दिसत नाही, तर तुला कसं दिसलं?
मी तांब्या उचलला, रांजणात बुडवला.
तांब्याबरोबर माझी चार बोटं बुडाली.
ती पाहत राहिली. बोटांकडं, की माझ्याकडं, कळलं नाही.

परवा गेले, तर खिळ्याला नवं वगराळं,
हातभर लांब दांड्याचं,
बाजारचा कागद अजून चिकटलेला.
आणि खाली रांजणात
तांब्या तरंगत होता.