कर्ता लपलेला

मार्केट यार्डातून परतताना सुकुमार तेच गाणं लावतो.
पेनड्राइव्हवर दोनशे गाणी आहेत, तरी तेच.
मागे रिकामी पोती. हळदीची धूळ
पार माझ्या कानातल्या कुड्यांपर्यंत.

जाताना दार लोटून घे,
पाणी भरून ठेवलंय.

एवढंच ध्रुवपद. बाकी सगळा क्लॅरनेट.

तो म्हणतो, ती निघालीय.
बॅग भरलीय तिनं, आणि हा बिचारा
कॉटवर बसून सांगतोय.
बॅग कुठाय गाण्यात, मी विचारते.
असती की, तो म्हणतो. जाणारं माणूस बॅग भरतंच.

मी आठवीला व्याकरण शिकवते.
लोटून घे : आज्ञार्थ. आज्ञार्थाला लिंग नसतं.
ठेवलंय : पाण्याशी जुळतं, भरणाऱ्याशी नाही.
कर्ता लपलेला.
पोरं इथं हमखास एक मार्क घालवतात.
आणि गाणारा बाप्या आहे
म्हणून सांगणाराही बाप्याच, असं कुठं लिहिलंय?

"राजमती, तू गाण्याची पण उत्तरपत्रिका तपासतीस."

हरिपूर रस्त्याला वळताना पुढं उसाची ट्रॉली येते.
तिच्यामागं सरपटत आम्ही.
"म्हणजे जाणारा तो?" काचेतून पुढंच बघत.
असं नाही म्हटलं मी.
"मग कोण जातंय?"

कुणीतरी जातंय. कुणीतरी पाणी भरलंय.
शेंदलेलं का नळाचं, गाळलेलं का तसंच,
तेही नाही सांगितलेलं.
आणि कडी लाव असं अख्ख्या गाण्यात कुणीच म्हणत नाही,
लोटणं म्हणजे बंद करणं नव्हे,
लोटलेल्या दारातनं मांजरसुद्धा डोक्यानं ढकलून आत येतं,
हे मात्र मी त्याला सांगत नाही.

त्याच्या वडिलांची पेवं होती हळदीची.
पेव उघडलं की लगेच उतरायचं नसतं.
तोंड मोकळं ठेवायचं रात्रभर,
मग दोरीनं कंदील सोडायचा.
विझला, तर अजून एक दिवस थांबायचं.
लग्नानंतर पहिल्याच महिन्यात त्यानं दाखवलं होतं मला :
कंदील खाली, खाली, आणखी खाली,
वर येणारी ती कोंडलेली पिवळी वाफ,
आणि माझं मनगट घट्ट धरून, वाकू नकोस.

महापुराचं पाणी पेवांत शिरलं,
त्याच वर्षी आमची अंथरुणं वेगळी झाली.
घोरण्यामुळं, असं आम्ही सांगितलं.
कुणाच्या, ते कुणी विचारलं नाही.

दिवस मावळायच्या आत जेवण.
आमटीला मीठ जास्त झालंय, तो म्हणतो,
आणि मला हसू येतं. झालंय. आपोआप.
"काय झालं?"
काही नाही.
तो ताट घेऊन मोरीकडं जातो,
नाकातल्या नाकात क्लॅरनेट.

मी अंधारात पडून गाणं पुन्हा तपासते.
समजा जाणारी मी आहे.
समजा पाणी त्यानं भरलंय.
मग 'लोटून घे' हे विनंतीसारखं वाचावं लागेल.
कुठल्या सुरात वाचायचं, ते मात्र छापलेलं नसतं.

पहाटे तो माल भरायला निघतो.
चप्पल. चावी. दाराच्या बिजागरीची कुरकुर.
मी कान देऊन पडते :
आता कडी वाजेल बाहेरून, किंवा नाही वाजणार.

पण खाली ड्रायव्हर पोरगं आधीच येऊन
टेम्पो चालू करून बसलंय.