पायऱ्या तीन

कूलर बंद करते.
काहून बंद केला वं, आई स्वयंपाकघरातून,
पंचेचाळीस आहे बाहेर!
पण कूलरच्या घरघरीत बाईचा आवाज बुडतो
आणि सहाशे बारा पानं
उद्या सकाळच्या आत ऐकायची आहेत.

बाई म्हणजे संगणकातली.
इतक्या वेगात बोलते की भाच्याला वाटतं
टिटव्या भांडताहेत.
मला सरळ वाक्य ऐकू येतं:
रस्ता रुंदीकरण, बाधित दुकानं, अंतिम अहवाल.

पुढचं शीर्षक, मी बटण दाबते.
पुढचं शीर्षक नाही, ती म्हणते.
सहाशे बारा पानांत एक नाही.
ओजस, बघ रे जरा.
आहेत ना मावशी, मोठ्या अक्षरात, काळीकुट्ट, मधोमध.
मोठ्याने बोललं की मुद्दा होतो
असं मानणारे वकील मी रोज ऐकते.
अहवालही त्यातलाच.

महालातल्या गल्लीत मला कोणी लागत नाही.
हात भिंतीवर. शटर, शटर, ओटा,
डाळ भाजल्याचा वास, मग वळायचं.
इथे तीनशे पानांची भिंत
आणि दार नाही.

तक्ता. एकोणीस स्तंभ, चारशे सात ओळी.
रिकामं. रिकामं. अनुक्रमांक. रिकामं.
मग साठ पानं जुन्या फॉन्टमधली,
डोळ्यांना म्हणे शुद्ध मराठी,
कानात मात्र: कंस, के, तिरपी रेघ, टिंब, के, के.
मग चित्र. चित्र. चित्र.
कशाचं, ते सांगत नाही.
पंचनामा असेल, कोणाच्या तरी सहीचा,
किंवा नुसता पांढरा कागद.

घाम कोपरापर्यंत आलाय.
निमजेबुवा आठवतात,
गोळीबार चौकाच्या अलीकडे सायकल दुरुस्ती,
चाळीस वर्षं पंक्चर काढून बोटांना रबराचा वास.
तीन पायऱ्या होत्या हो वकीलबाई,
तिसरीवर मी पंप ठेवत होतो.
कागदावर दोनच लावल्या.
कागद दाखवा, म्हणाले साहेब.
कागद सहाशे बारा.

पान तीनशे एक्केचाळीस.
शीर्षक, पातळी एक.
मी थांबते.
शीर्षक, पातळी दोन. पातळी दोन. पातळी तीन.
कोणीतरी इथून पुढे
दारं लावत गेलंय, कड्यांसकट.
आणि मग, चित्र:
हाताने काढलेला नकाशा.
डावीकडे कडुलिंब, त्याखाली सायकलचं दुकान, पाटी नाही.
दुकानाच्या पायऱ्या तीन.
मोजणीत दोन धरल्या आहेत.

पुन्हा.
पायऱ्या तीन.
एकेक अक्षर सुटं करून. त, दुसरी वेलांटी, न.

ओजस, नकाशाखाली काय लिहिलंय?
काहीच नाही मावशी.
बाजूला?
रेघा आहेत नुसत्या.
म्हणजे हे छापलेलं नाही.
छापून घेतलं, सही झाली, शिक्का बसला,
सगळ्यांच्या डोळ्यांखालून गेलं
आणि कोणालाच दिसलं नाही.
चित्राच्या पोटात ठेवलं होतं,
कानाने येणाऱ्यासाठी.

कोण असेल?
फाइलच्या माहितीत लेखक: ऑपरेटर तीन.
कंत्राटी असेल, महिन्याच्या पगाराची खात्री नसेल.
वर बोलता आलं नसेल.
की त्याच्याही घरी कोणी आहे
कूलर बंद करून बसणारं?
की कोणी शिकवलं तसं केलं, एवढंच,
आणि मी उगाच.

उद्या साहेब विचारतील, कुठे आहे?
दिसत तर नाही.
मी म्हणेन, हो, दिसत नाही.
त्यापुढचं अजून ठरलेलं नाही.

माझ्या अर्जाला मात्र शीर्षकं घालते,
खरीखुरी, नुसती ठळक नव्हे.
नकाशा जोडते, त्याच्या पोटातही लिहिते
तेच वाक्य, जसंच्या तसं.

निमजेबुवांना फोन लावते.
उचलत नाहीत. दुपारचे झोपले असतील.
आई, लाव आता कूलर.
गवताचा ओला वास येतो,
बाईचा आवाज बुडतो.
बुडू दे.