कासं सरलं

कोरंबीच्या थांब्यावर काशाचा माणूस
तोंड वासून झोपलाय,
मांडीवरच्या पिशवीतून वांग्याचं देठ बाहेर.
पहिल्याच दिवशी कंडक्टरनं खांदा हलवला :
‘ओ काका, आरमोरी का?’

उजव्या पायात चप्पल. डावा उघडा.
सरपंचानं विचारलं तर आसाराम निकुरे म्हणे,
‘कासं सरलं जी.
बायकोची तळपाय घासाची वाटी वितळवली,
तवा ही एक झाली.
दुसरीसाठी परात मांगली, तं थे माहेरी गेली.’

बाजाराच्या दिवशी कोणी ना कोणी
त्या उघड्या पायाशी जुनी चप्पल ठेवून जातं.
सगळ्या उजव्याच.

काल सांजच्या गाडीनं ती उतरली.
त्या वासलेल्या तोंडाकडे
कितीतरी वेळ बघत राहिली.
‘हुबेहूब,’ म्हणाली,
‘घोरनं तेवढं ओतलं नाई तुमी.’