गाठ

पोह्यांवरून कळतं.
सिमरोळच्या अलीकडे, पहाटे साडेपाचला,
मी गाडी थांबवतो, प्लेट हातात देतो
आणि बघत राहतो.
जिरावन तिखट म्हणून जो तोंड वाकडं करतो,
शेव मऊ म्हणून जो प्लेट परत पाठवतो,
त्याला चोरलच्या धरणावरही
ऊन डोळ्यांवरच येणार, होडी हलणारच,
आणि मासा सुटला तर माझ्यामुळे सुटणार.
एकवीस वर्षं लोकांना गळ टाकायला नेतोय.
मासे अजून कळलेले नाहीत.

त्या रविवारी होडीत दोघं होते.
पुढे पिथमपूरचे मॅनेजर, उदावंत साहेब.
रॉड जपानी, रीळ जपानी,
आठ्या तेवढ्या इथल्याच.
मागे रामबागेतल्या शरयू आठल्ये,
गेलेल्या नवऱ्याचा रॉड मांडीवर आडवा,
सतारीला गवसणी असते तशा
जुन्या लेंग्याच्या पिशवीत.
पोहे त्यांनी दोनदा घेतले होते.

सातपासून साहेब विचारत होते, 'कधी लागणार?'
जसा मी स्टेशनमास्तर
आणि मासा गाडी, फलाट दोनवर येणारी.
मी म्हणत होतो, 'आत्ता, साहेब, आत्ता.
काल इथंच चार किलोचा निघाला.'
काल मी घरी होतो.
गिझर खोलून बसलो होतो.
पण या धंद्यात एवढं लागतंच,
कणकेत मीठ.

बाईंचा तंगूस गुंतला.
चाळीस मिनिटं त्या सोडवत राहिल्या,
चिडल्या नाहीत, 'सोडा, कापू या' म्हणाल्या नाहीत.
मध्येच मान वर करून म्हणाल्या,
'तो पाणकावळा बघा. त्याला गाईड लागत नाही.'
मी हसलो.
साहेबांनी घड्याळ बघितलं.

दहाच्या सुमारास साहेबांना रोहू लागला, दीड किलोचा.
'एवढाच?' ते म्हणाले.
माशाला. तोंडावर.

दुपारी ते बाभळीखाली फोन घेऊन बसले,
रेंज शोधत.
मी बाईंना म्हटलं, 'आत्ता लागेल हां.'
त्या पाण्याकडेच बघत म्हणाल्या,
'मासे नसतील तर तसं सांगा.
मी रागावत नाही.'

वल्हं हातात तसंच राहिलं.
एकवीस वर्षांत हे कुणी म्हटलं नव्हतं.
जीभ अडखळली, नवा दात बसवल्यावर अडखळते तशी,
मग निघालं तोंडातून:
'माहीत नाही, बाई.
खरंच माहीत नाही.'
'मग बरं,' त्या म्हणाल्या,
'दोघंही सारखेच.'

आणि मी होडी वळवली.
जुना रस्ता जिथे पाण्यात उतरतो,
मैलाचा दगड अजून बुडालेला उभा आहे,
तिथे.
ही जागा मला गेंदालाल कहारने दाखवली होती,
मरायच्या आदल्या उन्हाळ्यात.
गिऱ्हाइकाला मी ती कधीच दाखवली नाही,
दुप्पट पैसे देणाऱ्यालाही नाही.

तिसऱ्या फेकीला रॉड वाकला.
काय होतं ते दिसलंच नाही. बाडस असावा.
जुनं रीळ किंचाळलं, बाई उभ्या राहिल्या,
मी म्हटलं, 'बसा, बसा,'
आणि तेवढ्यात
सगळं सैल.

तंगूसाचं टोक वर आलं,
कुरळं, डुकराच्या शेपटीसारखं.
तुटलं नव्हतं. गाठ सुटली होती.
त्या टोकाकडे बघत राहिल्या.
'गाठ माझी होती की तुमची?'

खोटं बोलता आलं असतं.
'माझी,' म्हटलं.
'बरं झालं,' त्या म्हणाल्या,
'नाहीतर रात्रभर मी स्वतःला बोल लावला असता.
आता तुम्ही लावा.'
आणि इतक्या हसल्या
की बाभळीखालून साहेबांनी ओरडून विचारलं,
'केवढा लागला?'

परतताना भेरूघाटात दोघंही झोपले,
साहेब झोपेतही कपाळ आवळून.

रात्री ट्यूबलाइटखाली मी गाठ मारत बसलो.
मारायची, ओढायची, सोडायची.
अकरा वेळा.
बायकोने विचारलं, काय चाललंय?
म्हटलं, येत नाही अजून मला.
ती थांबली, माझ्याकडे बघितलं.
असं काही
माझ्या तोंडून तिनेही
पहिल्यांदाच ऐकलं होतं.